गाळलेला धडा

फेब्रुवारी सरत आला की आमच्या कारखान्याच्या मागच्या कुंपणापाशी काजूची बोंडं पडायला लागतात. पिवळी, तांबडी, रसाने टरारलेली. दिवसभर उन्हात फुटतात, त्यांच्यावर चिलटं घोंगावतात, आणि संध्याकाळपर्यंत आंबूस, घशात अडकून बसणारा वास सगळीकडे पसरतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की म्हणतात, वा, काय कोकणातला वास! मला मळमळतं. खरं तर मला मळमळायचं काही कारण नाही. आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या या कारखान्यात मी तपासणीचं काम करते. कुजणं, आंबणं, बुरशी हे माझे रोजचे विषय. बशीतली हिरवट केसाळ बुरशी भिंगाखाली बघायची, हात धुवायचे आणि डबा उघडून पोळी-भाजी खायची, यात मला काही वाटत नाही. पण बोंडांचा वास आला की घास तोंडात फिरतो.

आज सकाळी कामावर येताना नाक्यावर बारावीची मुलं उभी होती. हातात पारदर्शक पाकिटं, त्यात पेनं आणि ओळखपत्र. एक मुलगी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती आणि दुसरी तिच्या खांद्यावर थापट्या मारत सांगत होती, "अगं, नाही गं, आधी एफएसएच, मग एलएच!" माझी स्कूटर आपोआप मंदावली. पुढे जाऊन मी बाजूला थांबले. बाटलीतलं पाणी प्यायले. 

आमच्या बारावीत जीवशास्त्राच्या मॅडमनी एक धडा गाळला होता. अकरावीत झुरळाचं आतडं फळ्यावर रंगीत खडूंनी काढताना याच मॅडम रंगून जायच्या. बेडकाचं हृदय, गांडुळाचे वेढे, सगळं मन लावून. मानवी प्रजननाचा धडा आला त्या दिवशी मात्र त्यांनी पुस्तक उघडलं, मागच्या बाकांवरून कुणीतरी मुद्दाम खोकलं, आणि मॅडमचे कान लाल झाले. "हा सोपा आहे. तुमचा तुम्ही वाचून घ्या," असं म्हणून त्यांनी पानं उलटली. बरीच पानं, एकदम, बोटाला थुंकी लावून. पुढच्या धड्याचं नाव फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गात मुलांची खुसखूस चालू होती आणि आम्ही मुली वहीच्या कोपऱ्यात फुलं काढत होतो. बोर्डाच्या पेपरात त्या धड्याला सगळ्यांत जास्त मार्क होते.

म्हणून आमच्या घराच्या मागच्या पडवीत दुपारचा अभ्यास सुरू झाला. आम्ही चौघं. मी, पावस गावचा अनिकेत, ज्याच्या घरी हापूसची बाग आणि ज्याच्या शर्टाला नेहमी फवारणीच्या औषधाचा वास, शहरातला रोहन, हसरा, चटपटीत, क्लासमधून जुने पेपर आणून सगळ्यांना वाटणारा, आणि दीपाली. दीपाली देवरूखच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावची. तिचे बाबा मुंबईत छापखान्यात कामाला. ती मेडिकलच्या एंट्रन्सची तयारी करायला म्हणून रत्नागिरीत आत्याकडे राहायला आलेली. माझे बाबा बोटीवर, वर्षातले बरेच महिने कुठल्या ना कुठल्या समुद्रात, त्यामुळे घरात आई आणि मीच. पडवी मोकळी, चिऱ्याची, दुपारीही गार. मागे शेजाऱ्यांचं काजूचं झाड. बोंडं आमच्या बाजूला पडायची आणि तिथेच कुजायची.

आम्ही एकमेकांना जे येईल ते द्यायचो. अनिकेतला आनुवंशिकतेची गणितं यायची. कलमं बांधणाऱ्यांच्या घरातला तो, कुठल्या झाडाचा गुण कुठे उतरला याच्या गप्पा ऐकतच मोठा झालेला. माझी चित्रं चांगली. रोहन क्लिष्ट नावं लक्षात ठेवायला असली भन्नाट वाक्यं बनवायचा की हसून हसून पाठ व्हायचं. आणि दीपाली पेपर कसा लिहायचा ते शिकवायची. ती बोलायला लागली की वाटायचं, ही तपासणाऱ्याच्या डोक्यात जाऊन बसून आली आहे.

"प्रश्न वाचलात की आधी त्याचे मार्क वाचा," ती म्हणायची. "दोन मार्कांना दोन मुद्दे. तिसरा मुद्दा स्वतःच्या समाधानाचा, तो घरी जाऊन लिहा. 'फरक' म्हटलं की कोष्टक. 'का' विचारलं असेल तर पहिल्याच वाक्यात 'कारण' आलं पाहिजे. आकृतीची नावं एकाच बाजूला, रेषा एकमेकींना ओलांडायच्या नाहीत. तपासणारा माणूस दमलेला असतो. त्याला उत्तर शोधायला लावू नका."

गाळलेला धडाही तिनेच घेतला. मला आठवतं, पहिल्या दिवशी आमच्यापैकी कुणी वर बघत नव्हतं. अनिकेत पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. स्वयंपाकघरात माझी आई भांडी घासत होती आणि दीपालीने 'गर्भाशय' हा शब्द उच्चारला तशी भांडी जोरजोरात आदळायला लागली. आईच्या लहानपणी त्या चार दिवसांत बाजूला बसायची पद्धत होती. नंतर ते बंद झालं, पण ते शब्द तिने कधी मोठ्याने उच्चारले नाहीत, अगदी माझ्याशीसुद्धा. दीपालीने आवाज थोडा चढवला आणि बोलत राहिली.

मासिक चक्राचा आलेख कुणाच्याच डोक्यात शिरत नव्हता. चार संप्रेरकं, चार रेषा, सगळ्या एकमेकींत गुंतलेल्या. शेवटी तिने आम्हालाच उभं केलं. "अनिकेत, तू एलएच. तू सगळा वेळ गप्प चालायचं आणि मी टाळी वाजवली की एकदाच उंच उडी मारायची. मग परत गप्प." मला तिने इस्ट्रोजेन केलं. मी हळूहळू वर चढत जायचं, अनिकेतच्या उडीच्या जरा आधी. रोहन एफएसएच. आणि ती स्वतः प्रोजेस्टेरॉन. "मी लग्न लागून गेल्यावर येणारी पाहुणी. उशिरा येते, पण आले की बरेच दिवस हलत नाही. आणि मी निघून गेले की...?" "पाळी येते," अनिकेत म्हणाला. अगदी सहज म्हणाला. म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि मग आम्ही सगळेच हसलो. ते हसणं फार स्वच्छ होतं. आतली भांडीसुद्धा थांबली होती.

रोहन म्हणाला, "दीपाली, परत एकदा सांगतेस? रेकॉर्ड करतो. घरी रिव्हिजनला."

"कर ना," ती म्हणाली. तिने पहिल्यापासून सांगितलं. मध्ये रोहनने फोनमागून विचारलं, "पण ही ओव्हरी नक्की कुठे असते पोटात?" तिने कुर्त्यावरून कमरेच्या दोन्ही बाजूंना, खाली, एकेक बोट टेकवलं. "एक इथे. आणि एक इथे."

तेवढंच त्याने कापून घेतलं. तेवढाच तुकडा, खाली हसणारी तोंडं आणि 'प्रॅक्टिकल चालू आहे' असली एक ओळ. सकाळपर्यंत तो वर्गाच्या ग्रुपवर होता, दुपारी दुसऱ्या कॉलेजांच्या. मग तो कुठून कसा फिरला देव जाणे, पण दीपालीच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या ग्रुपवर जाऊन पोचला. ज्या ग्रुपवर गणपतीची वर्गणी, कुणाच्या घरची पूजा, कोण वारलं आणि पालखी कधी निघणार एवढंच येतं, तिथे. कुणीतरी वर लिहिलं होतं, 'आपल्या गावची मुलगी. पालकांनी लक्ष द्यावे.' तिचे बाबा त्याच ग्रुपवर होते.

किळस कशाची करायची हे आम्हाला लहानपणापासून फार मन लावून शिकवलेलं असतं. पालीची, शेंबडाची, न्हाणीघरातल्या केसांच्या गुंत्याची. आणि मुलींना वेगळी, स्वतःच्या अंगाची. कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून. पण हातातला फोन सरकवत, तोच तुकडा पुन्हा पुन्हा बघत, पुढे पाठवताना 'काय हे' असं लिहिणाऱ्या बोटांची किळस करायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ती माझी मलाच आली. त्या आठवड्यात मला कुणाच्याही हातात फोन बघवत नव्हता. रिक्षाच्या रांगेत, टपरीवर, मान खाली घालून बसलेल्या प्रत्येक बाप्या माणसाकडे बघून वाटायचं, हा तेच बघतोय. अंगावर काहीतरी ओलं सरपटल्यासारखं व्हायचं. घरी येऊन पाय घासून घासून धुवायचे मी.

दीपालीच्या आत्याचे यजमान तिची बॅग स्कूटरवर घालून आमच्याकडे आले. दीपाली मागे बसलेली, मांडीवर पुस्तकांची पिशवी. त्यांनी बॅग उतरवून पायरीवर ठेवली आणि माझ्या आईला म्हणाले, "तुमच्या पडवीत घडलंय हे सगळं. आता तुम्हीच निस्तरा. माझ्या घरात लग्नाच्या मुली आहेत."

आई दारातच उभी होती, पदराला हात पुसत. 

"बघा तरी काय ते," म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला.

"तुमच्याकडे आहे अजून तो?" आईने विचारलं.

"पुरावा म्हणून ठेवलाय."

"कितीदा बघितलात?"

ते गडबडले. "म्हणजे काय? बघावं लागतं ना नीट. काय आहे काय नाही ते."

आईचं तोंड असं झालं, जणू दुधाच्या पातेल्यात तिला काही पडलेलं दिसलं होतं. "मला ते शब्द ऐकवत नाहीत," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून ऐकवत नव्हते. पण ती मुलगी अभ्यास करत होती. तुम्ही काय करत होता? तो फोन आधी खिशात घाला. आणि बॅग आत ठेवा, पायरीवर नको. परीक्षा होईपर्यंत ती इथेच राहील."

त्यांनी बॅग आत ठेवली. खरंच ठेवली. आणि स्कूटर सुरू करायला त्यांना बराच वेळ लागला.

कॉलेजात दीपालीला ऑफिसात बोलावलं, सोबत मी गेले. प्राचार्य पंख्याखाली बसून पेपरवेट फिरवत होते. रोहनने आधीच "मस्ती केली सर, सॉरी" म्हणून टाकलं होतं. प्राचार्य म्हणाले, "चूक दोन्ही बाजूंची आहे. परीक्षा तोंडावर आहे, विषय इथे संपवू." मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या. बाहेर पडताना त्यांनी दीपालीला हळूच म्हटलं, "तुला कशाला हवी होती ही नसती उठाठेव? मी वाचून घ्या म्हटलं होतं ना?"

दीपाली म्हणाली, "वाचूनच घेतलं, मॅडम."

त्या ऑफिसातला गोडसर उदबत्तीचा वास आणि 'दोन्ही बाजू' हे शब्द, दोन्ही मला अजून सहन होत नाहीत. कुठे वाद चालू असेल आणि कुणी शहाणा माणूस शांतपणे म्हणाला की चूक दोन्ही बाजूंची असते, की मला त्या पेपरवेटची घरघर ऐकू येते.

अनिकेतने त्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला. त्याला नीट बोलता येत नसे, अडखळायचा. "हा धडा मला पण तिनंच शिकवलाय. मी पण तिथंच होतो. हसायचं तर माझ्यावर हसा."  मग कुणीतरी क्रिकेटचा व्हिडिओ टाकला आणि गप्पा पुढे सुरू झाल्या. पण अनिकेत रोज यायचा थांबला नाही. पावसहून बस पकडून दुपारी हजर. येताना पिशवीतून शहाळी.

आणि मग मुली यायला लागल्या. वर्गातल्या. ज्यांनी त्या तुकड्याखाली काही लिहिलं नव्हतं, आणि ज्यांनी लिहिलं होतं त्याही. पुढच्या दाराने नाही, मागून, काजूच्या झाडाखालून, कुजलेल्या बोंडांवर पाय पडू न देता ओढण्या सावरत. "दीपाली, तो ग्राफ सांग ना आम्हालाही. कुणाला सांगू नको हं आम्ही आलेलो."

मला इतका संताप आला! त्या गेल्यावर मी म्हटलं, "कशाला शिकवतेस यांना? ती निळ्या ओढणीवाली, तिने काय लिहिलं होतं ते आठवतंय ना?"

दीपाली पेन्सिलीला टोक काढत होती. "आठवतंय. शब्दन् शब्द."

"मग?"

"मग काय? शिकवलं की माझंच पक्कं होतं." तिने टोकावर फुंकर मारली. "नि मला घरी काय बसवून ठेवलं ना, तर एवढं तरी आलेलं असू दे."

तेव्हा मला कळलं की ती कशाला घाबरली आहे. तिच्या बाबांचा त्या तुकड्यानंतर एकच फोन आला होता. "पेपर दे," एवढं म्हणून त्यांनी ठेवून दिला होता. त्यात राग होता, लाज होती की आणखी काही, ते तिला कळलं नव्हतं. पेपर झाल्यावर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. आई तिच्या ताटात जरा जास्त भात वाढायची आणि ती तो संपवायची. 

जीवशास्त्राच्या पेपरात तो आलेख आला.  मी पुढच्या बाकावर बसलेल्या दीपालीकडे बघितलं. तिची पाठ ताठ होती आणि कोपर संथ हलत होतं. ती पट्टीने आस आखत होती.

सुटल्यावर फाटकाबाहेर रोहन आमच्याकडे धावत आला. हसत, अगदी पूर्वीसारखा. "ए, भारी गेला ना? तो ग्राफ आला ना राव! दीपाली, तू शिकवलेलाच. तुझा व्हिडिओ काल परत बघितला, आख्खा. थँक्यू हं!"

त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं. कावा नव्हता, लाज नव्हती, काहीसुद्धा नव्हतं. त्याला खरोखरच आनंद झाला होता आणि तो आम्हाला त्यातला वाटा देत होता. जगात मी नंतर वाईट माणसं पाहिली, खोटं बोलणारी, ओरबाडणारी. पण त्या हसऱ्या, कोऱ्या तोंडाइतकी शिसारी मला कशाची आली नाही. मी रस्त्याच्या कडेला वळले आणि ओकले. सकाळचा चहा, पोह्यांचे दाणे, सगळं. अनिकेतने पाण्याची बाटली पुढे केली.

माझ्यामागे दीपालीचा आवाज आला, शांत. "चारही रेषा काढल्यास?"

"चार? मी तीन काढल्या," रोहन म्हणाला.

"मग प्रोजेस्टेरॉन राहिली तुझी. तिचे मार्क गेले," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात फिरवायला आली.

लोक विचारतात, तुम्ही त्याला काही बोललात का. नाही. नंतर तो इंजिनिअर झाला, कुठेतरी परदेशात आहे, फोटो छान असतात त्याचे. दीपालीला मेडिकल मिळालं नाही, थोडक्यात हुकलं. तिने नर्सिंग केलं. आता चिपळूणकडच्या एका प्रसूतिगृहात असते. फोन करते तेव्हा मागे नेहमी एखादं बाळ रडत असतं. मी तिला एकदा म्हटलं, तो हंगाम आठवला की मला अजून ढवळतं. ती म्हणाली, "तुला बरं आहे. मला बोंडं खाताना काहीच होत नाही, मीठ लावून खाते." मग म्हणाली, "पण फोटो काढायला कुणी फोन वर केला ना, की मी अजून हात मागे घेते."

तिचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी तिचे बाबा आले. मुंबईहून रात्रीच्या गाडीने, तिला गावी पोचवून लगेच परत जायचं म्हणून. बारीक, उंच, पांढरा सदरा, नखांत छापखान्याची शाई. आमच्याकडे चहा घेतला. खाली बघूनच घेतला. माझ्या आईला त्यांनी दोन्ही हात जोडले आणि आईनेही जोडले.

मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. देवरूखची गाडी लागलेली होती. दीपाली खिडकीत बसली, बाबा बॅग वर ठेवून तिच्या शेजारी. मी खाली खिडकीशी उभी.  डिझेलचा धूर, फलाटावर सांडलेला उसाचा रस, त्यावर माश्या. गावात शिमग्याची, देवाची पालखी घरोघर न्यायची तयारी सुरू झाली असणार, हे मी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

तेव्हा ते समोरच्या बाकाकडे बघत म्हणाले, "मंडळाच्या ग्रुपातनं भायेर पडलो मी."

दीपालीने त्यांच्याकडे वळून बघितलं. कोकणातून मुंबईला गेलेल्या माणसासाठी तो ग्रुप म्हणजे काय असतं हे ज्याला माहीत आहे, त्यालाच या वाक्याचं वजन कळेल. सगळं गाव, सगळी भावकी त्यात असते.

"कधी?" तिने विचारलं.

"त्याच दिवशी."

 कंडक्टरने दार ओढलं, गाडी थरथरायला लागली. "मग बाबा, पालखी आपल्या घरी कधी येणार, ते तुम्हाला कोण सांगणार?"

"तू सांग फोन करून," ते म्हणाले. "तू चांगलं समजावून सांगतंस. मी आयकलंय."